आत न जाणारी मान

पौषातली रात्र. भरती बरीच वर आली आहे.
गालजीबागच्या सुरूंमध्ये वारा घासतोय,
आणि मी, दोन मापं मोठ्या खाकी जाकिटात,
लाल कागद लावलेला टॉर्च मांडीवर आडवा धरून.

इनास म्हणतो, "आली."
मला तर लाटच दिसते.
मग लाटेतला एक तुकडा परत जात नाही.

लहानपणी देवळात पुराणिकबुवा सांगायचे,
कासव जसं अंग आवरतं
तशी आवरावी इंद्रियं.
सभामंडपात दगडी कासव होतं,
पाय लागू नये म्हणून आम्ही मुली वळसा घालून जायचो.
बुवांचं बोलणं आई घरी न्यायची
आणि दळून बारीक करून रोज मला वाढायची:
मान खाली. हसू आत. आवर.

आणि ही बघा.
हिची मान आत जातच नाही.
वल्ह्यांसारखे पुढचे पाय, तेही नाहीत जात.
पाणी कापायचं तर कवच सपाट हवं,
सपाट कवचात लपायला जागा कुठली?
कुणा खापरपणजीनं कधीतरी सौदा केला असेल:
लपणं दिलं, समुद्र घेतला.

पाठीवर घर घेऊन फिरते म्हणतात, तेही खरं नाही.
तिच्याच बरगड्या रुंद होत होत
एकमेकींना भिडल्या,
कणा छताला जडला.
काढून खुंटीला टांगता येईल
असं तिच्याकडे काही नाही.

डाव्या कडेला कवचाचा एक घास गेलेला.
"मोरीनं चावलं?" मी विचारते.
"मोरी इतकं सरळ कापत नाही," इनास म्हणतो.
"ट्रॉलरचा पंखा."

पाठ काळपट हिरवी, पोट फिकट:
वरून पाहणाऱ्याला ती खोल पाणी,
खालून पाहणाऱ्याला आभाळ.
आणि घशात काटे, सगळे पोटाकडे वळलेले.
मागच्या वर्षी किनाऱ्याला लागलेल्या एकीचं तोंड
इनासनं उघडून दाखवलं होतं.
बुळबुळीत जेलीफिश एकदा आत गेली की सुटत नाही.
पिशवीही सुटत नाही.
दुधाची होती, अर्ध्या लिटरची.

आता ती मागच्या पायांनी खणते आहे,
न बघता, ओंजळ ओंजळ वाळू वर आणत,
घागरीच्या आकाराचा खड्डा: तोंड अरुंद, पोट मोठं.
डोळ्यांतून पाणी गळतंय.
पाहुणे म्हणतात, रडते बिचारी.
रडत नाही. समुद्र पिते,
आणि मीठ तेवढं डोळ्यांवाटे परत करते.
मला मात्र कुणी असं कधी सांगितलं नाही,
की हेही एक काम असतं डोळ्यांचं.

अंडी पडतात. मऊ, फुटत नाहीत.
इनास पुटपुटत मोजतो.
दहा वर्षांचा असताना हाच
काठी खुपसून घरटी शोधायचा,
शेकड्यानं विकायचा काणकोणच्या बाजारात.
"मोजणी तेव्हाचीच," तो म्हणतो, आणि हसत नाही.
एकशे अकरा.

वाळू लोटून ती अंगानं चोपते.
धप्, या कडेला. धप्, त्या कडेला.
मला जात्याचा आवाज आठवतो, का कोण जाणे.

आईची आणखी एक गोष्ट होती:
कासवी दुरून नुसतं पाहते
आणि पिलं नजरेवरच वाढतात.
ही वळूनसुद्धा पाहत नाही.
मागे नजर नाही, बलक ठेवला आहे:
पोटाशी बांधलेली शिदोरी,
पहिले काही दिवस पोहायला पुरेल एवढी.
आईनंही काय बांधून दिलं होतं मला,
आवर-आवरच्या खाली,
ते अजून सोडून पाहिलेलं नाही.

ती पाण्यात शिरते. मान बाहेर,
मग नाही.

वारा बोचतो. कॉलर कानांपर्यंत ओढलेली होती,
ती मी खाली करते.
इनास थर्मासचं झाकण उघडतो.
मी नोंदवहीत लिहिते:
घरटं अकरावं. अंडी एकशे अकरा.
शेरा: डाव्या कडेला जुनी जखम.
भरलेली.